जर्सीकर

डिसेंबरात पाटण-शहापुऱ्याकडच्या मटारने जबलपूरचे बाजार हिरवे झाले की आमच्या नेपियर टाउनात जर्सीकर उतरतात. मी एकाबद्दल बोलत नाही. मराठी घरागणिक एखादा निघतोच. आजोबा गन कॅरेज फॅक्टरीत, वडील वीज मंडळात, स्वतः न्यू जर्सीच्या एडिसनला. आडनाव काहीही असो, गल्ली त्याला जर्सीकर म्हणते. हा जर्सीकर जर्सी गाईच्या दुधाला मात्र शिवत नाही. त्याला देशी गाईचं ए-टू लागतं, आणि पुरावा म्हणून तो दूधवाल्याकडे गाईचा फोटो मागतो. दूधवाला सज्जन आहे. तो मोबाइलवर फोटो दाखवतो आणि मापात म्हशीचं घालतो. जर्सीकर घोट घेऊन म्हणतो, "बघ, चवीतच कळतं."

त्याचं खरं दुखणं पैशाचं आहे. तिकडे सेंद्रिय मालाच्या फळीसमोर उभा राहिला की तो मनातल्या मनात डॉलरचे रुपये करतो आणि पुढे केलेला हात खिशात घालतो. मग शोधलेला तोडगा असा: जाड सालीचं ते साधं, पातळ सालीचं ते सेंद्रिय. म्हणजे अननस, कांदे साधे. पालक, स्ट्रॉबेरी सेंद्रिय. मुलांचं दूध सेंद्रिय, चहाचं साधं. पाहुणे जेवायला असले तर सगळंच साधं. आजीच्या सोवळ्याओवळ्याला जन्मभर हसलेला हा माणूस आज फ्रिजात दोन कप्पे पाळतो, आणि चुकून साध्या भाजीचा चमचा सेंद्रियला लागला तर आजीसारखाच ओरडतो.

इथे आला की हिशेब उलटा फिरतो. आता रुपयांचे डॉलर होतात आणि सगळं फुकटात वाटायला लागतं. घासाघीस करताना मात्र पुन्हा रुपयेच.

अमेरिकेत फळावरच्या स्टिकरवर आकडा असतो: साधं केळं ४०११, सेंद्रिय ९४०११. नवाने सुरू झालं की निर्धास्त. ही सवय घेऊन तो जबलपुरातल्याच गोरखपूर बाजारात केळ्याच्या फण्या उलट्यापालट्या करतो.

"भैया, इसपे नंबर नहीं है?"

"है ना बाबूजी. साठ रुपये दर्जन."

खरी गंमत कोदो-कुटकीची. मंडला-डिंडोरीकडून आलेलं ते धान्य विकणारी बाई पोतं पुढ्यात घेऊन बसलेली असते. तिच्या डोंगरउतारावरच्या शेतात युरिया गेलेलाच नाही, कारण युरियाला पैसे कधी उरलेच नाहीत. जर्सीकर तिच्याकडे प्रमाणपत्र मागतो. ती त्याला आधार कार्ड दाखवते.

प्रमाणपत्राची भानगड मी त्याच्याकडूनच शिकलो, हे कबूल केलं पाहिजे. २००१पासून केंद्राचा सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात बाहेरच्या संस्थेचा निरीक्षक येतो, जमिनीला दोन-तीन वर्षं संक्रमणात काढावी लागतात, फी वेगळी. अशा प्रमाणित क्षेत्रात मध्य प्रदेश देशात अव्वल, पण शिक्क्याचा माल बराचसा शिक्क्याची किंमत मोजणाऱ्यांकडे जातो. दुसरी पद्धत पीजीएसची: किमान पाच शेतकऱ्यांचा गट करून त्यांनी एकमेकांची शेतं तपासायची. ही जर्सीकराला साफ नामंजूर. "ओळखीच्यांनीच तपासायचं? याला काय अर्थ आहे!" या गृहस्थाचं लग्न ठरताना मुलीची सगळी चौकशी सख्ख्या मावशीने केली होती, आणि संसार उत्तम चालला आहे.

संध्याकाळी ओट्यावर व्याख्यान. विषय कंपोस्ट. अमेरिकेत या लोकांनी काय काय शोधून काढलंय, वगैरे. एकदा राहवलं नाही म्हणून सांगितलं, की अल्बर्ट हॉवर्ड नावाचा शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ आपल्या इंदूरला होता. शेण, पालापाचोळा आणि मातीचा ढीग शास्त्रशुद्ध कसा लावायचा ते तिथे ठरलं आणि 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेलं. त्याचं वाचूनच रोडेल यांनी १९४२ साली तुझ्या शेजारच्या पेनसिल्व्हेनियात सेंद्रिय शेतीचं मासिक काढलं. आणि हॉवर्डच्या १९३१च्या पुस्तकावर सहलेखक म्हणून नाव आहे यशवंत वाड यांचं.

जर्सीकर गंभीर झाला. म्हणाला, "वाड? कुठले वाड? कोकणातले का?"

कंपोस्टचा विषय तिथेच संपला.

जाण्याच्या आधी एक प्रयोग मात्र करून जायचा असतो. यंदा जीवामृत. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांची कृती मोबाइलवर होतीच: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती. हे एका एकराचं प्रमाण. त्याच्या आईच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, गच्चीत कुंड्या आठ. त्यांतल्या दोन तुळशीच्या.

"दोन किलो बेसन?" काकू म्हणाल्या. "अरे, त्यात माझं महिनाभर पिठलं होतं."

"आई, हे मातीचं जेवण आहे."

"आणि करेलीचा गूळही मातीलाच?"

निळं पिंप आलं, शेण आलं, गच्चीवर माश्या आल्या, पाठोपाठ खालचे भाडेकरू आले. जर्सीकर जानेवारीत विमानात बसला. सामानात कोदो, गाडरवाऱ्याची तूरडाळ आणि गुळाची ढेप. जादा वजनाचं भाडं धरलं तर ती डाळ एडिसनच्या सेंद्रिय डाळीहून महाग पडली असती, पण ते भाडं त्याने डॉलरमध्ये भरलं असल्यामुळे रुपयांच्या हिशेबात धरलं नाही.

आता दर रविवारी व्हिडिओ कॉल येतो. "आई, ढवळतेस ना? सकाळ-संध्याकाळ, एकाच दिशेने."

"ढवळते रे," म्हणत काकू फोन पिंपावर धरतात. ते पिंप त्यांनी तो गेला त्याच आठवड्यात घासून घेऊन नळाच्या पाण्याने भरलं आहे. जर्सीकर तिकडून निरखून बघतो आणि बायकोला हाक मारतो, "अगं ये, बघ, वास गेला असणार. रंग किती निवळलाय!"