फॉरमॅट मारावा लागेल

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांत अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार ही पदे असतात, त्यांच्यासाठी निवडणुका होतात आणि त्या निवडणुकांवरून जिन्यात अबोलाही होतो. परंतु कोणत्याही उपविधीत नसलेले आणि तरीही प्रत्येक संस्थेत भरलेले एक चौथे पद असते, ते म्हणजे ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा मुलगा’ हे होय. या पदाला मुदत नाही, मानधन नाही आणि त्याचा राजीनामा स्वीकारण्याची पद्धत नाही. पदधारकाने चाळिशी ओलांडली, त्याच्या कानशिलांवर पांढरे केस आले आणि त्याची स्वतःची मुले दहावीला बसली, तरी त्याचा उल्लेख ‘मुलगा’ असाच होत राहतो. शिक्षणाचीही अट नसते. तो वाणिज्य शाखेचा पदवीधर असू शकतो, औषधविक्रेता असू शकतो किंवा विमा कंपनीत कारकून असू शकतो. कधीकाळी कोणीतरी त्याला संगणकाचे झाकण निर्भयपणे उघडताना पाहिलेले असते, आणि नेमणुकीला तेवढे पुरते.

या वर्गाचा उदय साधारणपणे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाला. मुंबईतील ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून, ज्याचे अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग असूनही टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत कोणीही ते वापरत नाही, सुटे भाग आणून संगणक जुळवण्याची प्रथा तेव्हा रुजली. अशा जुळवलेल्या यंत्राला ‘असेंबल्ड’ म्हणत, आणि ते कंपनीच्या यंत्रापेक्षा स्वस्त पडत असल्यामुळे ते कोणाकडून तरी जुळवून घेणे ओघानेच आले. पुढे २००१ मध्ये राज्यात एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि संगणक ‘येणारे’ लोक घरोघर तयार झाले. तथापि प्रमाणपत्र भिंतीवर लावणारे आणि स्क्रू ड्रायव्हर हाती घेणारे हे दोन वर्ग वेगळेच राहिले.

पदधारक घरात शिरताच चपला काढता काढता पहिला प्रश्न विचारतो, “काय केलं होतंत काकू?”, आणि त्याला मिळणारे उत्तर गावोगावी एकच असते, “काही नाही रे, आपोआप झालं.” या संवादात माहितीची देवघेव होत नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. तो केवळ प्रारंभविधी आहे, आणि त्यानंतर चहा ठेवला जातो.

निदानाला बाहेरून आत अशी दिशा असते. टेबलाखालच्या ज्या पेटीला घरातील सर्वजण सीपीयू म्हणतात ती प्रत्यक्षात कॅबिनेट असते. सीपीयू म्हणजे प्रक्रिया करणारी चिप, जी मदरबोर्ड नावाच्या मुख्य पट्टीवर पंख्याखाली दडलेली असते आणि काडेपेटीहून फारशी मोठी नसते. हे तो प्रत्येक भेटीत समजावून सांगतो आणि पुढच्या भेटीत सीपीयूवरची धूळ पुसून ठेवल्याचे त्याला अभिमानाने सांगण्यात येते. झाकण निघाल्यावर तो रॅम बाहेर काढतो. रॅम ही चालू कामापुरती स्मृती, जी वीज जाताच कोरी होते. तिची पट्टी खाचेत बसते, आणि तिच्या सोनेरी टोकांवर मळाचा थर चढला की संपर्क तुटून यंत्र सुरू होताना नुसतेच बीप-बीप करते. अशा वेळी तो घरातील शाळकरी मुलाच्या कंपासपेटीतला खोडरबर मागून घेतो, टोके हलक्या हाताने घासतो, पट्टी पुन्हा दाबून बसवतो आणि यंत्र सुरू होते. पाठ्यपुस्तके या कामासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल सुचवतात, पण मध्यमवर्गीय घरात अल्कोहोल मागण्यापेक्षा खोडरबर मागणे सोपे असते.

त्याची कीर्ती मात्र ज्या उपचाराने दुमदुमते तो उपचार याहूनही किरकोळ आहे. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, बाजारात त्याला सीआर २०३२ म्हणतात, आणि तो तीन व्होल्टचा सेल यंत्र बंद असतानाही घड्याळ चालू ठेवतो. काही वर्षांनी तो संपला की यंत्र दर सकाळी भूतकाळात जागे होते, आणि सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीपुरतीच वैध असल्यामुळे, त्या जुन्या तारखेच्या दृष्टीने अद्याप जन्मालाही न आलेले बँकेचे प्रमाणपत्र ब्राउझर नाकारतो. निवृत्त गृहस्थ आपली मुदत ठेव बुडाली असे धरून चाललेले असतात. पदधारक कोपऱ्यावरच्या दुकानातून सेल आणून बसवतो, तारीख दुरुस्त करतो, आणि बँक परत येते. या एका सेलच्या बळावर त्याची ख्याती शेजारच्या विंगपर्यंत पोहोचते. ज्या रात्री त्याने चार तास बसून कोणाची तरी खराब हार्ड डिस्क वाचवलेली असते, ती रात्र मात्र कोणाच्याही लक्षात नसते.

जिथे खोडरबर आणि सेल दोन्ही हरतात तिथे तो हाताची घडी घालून ते वाक्य उच्चारतो, “फॉरमॅट मारावा लागेल.” हार्ड डिस्कच्या ज्या विभागात विंडोज असते तो पुसून तिथे ती नव्याने बसवणे, असा या क्रियेचा व्यवहारातला अर्थ आहे. तो विभाग म्हणजे सी ड्राइव्ह. ए आणि बी ही अक्षरे पूर्वी फ्लॉपीसाठी राखलेली होती, म्हणून गणती सी पासून सुरू होते. पदधारकाने वर्षानुवर्षे बजावलेले असते की स्वतःच्या फायली डी मध्ये ठेवाव्यात. प्रत्यक्षात घरातील सर्व फोटो, कन्येच्या लग्नाचा हिशेब आणि संस्थेचे इतिवृत्त डेस्कटॉपवर पसरलेले असते, आणि डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच एक कोपरा आहे, हे बहुतेकांना फॉरमॅटनंतरच कळते.

इतिवृत्त वेळीच डी मध्ये हलवले तरी ते वाचलेच असे म्हणता येत नाही, कारण सचिवांनी ते श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेले असते. या पद्धतीत फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचे व चिन्हांचे संकेतच साठवले जातात आणि त्यांना देवनागरी रूप केवळ तो फॉन्ट देतो. युनिकोडमध्ये जसा प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो तसा इथे नसतो. फॉरमॅटबरोबर फॉन्ट गेला की पाणीपट्टीचा ठराव कंस, प्रश्नचिन्हे आणि डॉलर यांनी भरून जातो, आणि तो ठराव पूर्वीही फारसा कोणाला कळला नव्हता, हा युक्तिवाद पदधारकाने करून उपयोग होत नाही.

नवी डिस्क बसवली तर संशय वाढतो. खोक्यावर ५०० जीबी छापलेले असते आणि पडद्यावर सुमारे ४६५ दिसतात. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच हा फरक आहे. पण उरलेले ३५ जीबी गेले कुठे, हा प्रश्न काका ज्या सुरात विचारतात तो दूधवाल्याशी बोलताना वापरायचा सूर असतो.

सॉफ्टवेअर बसवण्याचे काम तर याहून सोपे आहे, आणि तिथेच या पदाचे खरे रहस्य दडलेले आहे. प्रोग्रॅमची फाइल अधिकृत ठिकाणाहून उतरवायची, ती उघडायची, यंत्रात बदल करू द्यायचा का असे विंडोजने विचारले की होकार द्यायचा, परवान्याचा करार मान्य करायचा, सोबत फुकटात चिकटू पाहणाऱ्या टूलबारची खूण काढून टाकायची, आणि ‘नेक्स्ट’ दाबत ‘फिनिश’पर्यंत जायचे. ज्या गृहस्थाने बिल्डरच्या करारनाम्यातील बारीक टाइप भिंग लावून वाचलेला असतो, त्याला हे जमत नाही असे मानणे कठीण आहे. त्याला जमत नाही ते ‘येस’ दाबणे, कारण दाबल्यावर काही बिघडले तर संध्याकाळी घरात “कोणी दाबलं?” हा प्रश्न उठणार असतो. कॉम्प्युटरमधल्या कळणाऱ्या मुलाला बोलावतात ते ज्ञानासाठी नव्हे, बोटासाठी. तेच ‘येस’ तो दाबतो, तेही काकांनी दाखवलेल्या जागीच, आणि दोष घराबाहेरच्या माणसाकडे जाण्याची सोय होते. ही सोय त्याला कळत नसते असे नाही. विंडोजच्या चोरट्या प्रती बसवण्याच्या काळात तो दोष तो खुशीने घेतही असे, आणि त्या प्रतीचे कुलूप फोडणारा प्रोग्रॅम चालावा म्हणून अँटिव्हायरस थोडा वेळ बंद ठेवायला सांगताना त्याचा आवाज किंचितही कापत नसे.

अलीकडे त्याच्या अधिकाराला थोडी ओहोटी लागली आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची, सांकेतिक किल्ल्या जपणारी सुरक्षा यंत्रणा लागते. ती जुन्या यंत्रात नसेल तर खोडरबराचा इलाज चालत नाही. फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क काढून एकही फिरता भाग नसलेली एसएसडी बसवली की मरगळलेले यंत्र टवटवीत होते, एवढा एक चमत्कार त्याच्या हाती उरला आहे, आणि तो तो पुरवून पुरवून वापरतो. प्रिंटरला मात्र त्याने पूर्वीही हात लावला नव्हता. त्याविषयी विचारले की त्याला अचानक घरचा फोन येतो.

काम झाल्यावर पैसे विचारले जातात, तो नको म्हणतो, आणि प्रकरण कांदेपोह्यांवर मिटते; पैसे घेतले असते तर जबाबदारी त्या दिवसापुरती राहिली असती, पोहे खाल्ल्यामुळे ती कायमची होते. पंधरा दिवसांनी जिन्यात गाठ पडते तेव्हा काकू त्याला थांबवतात आणि सांगतात, “अरे, तू येऊन गेल्यापासून आमच्या मिक्सरचा आवाज बदललाय, जरा येऊन बघशील का?”, आणि तो रविवारी येतो म्हणतो.