शिक्क्यासाठी काय पण!

ऐकलंत का? पोर्टलंडची चांगली शिकलीसवरली माणसं शनिवारी भल्या पहाटे, भर पावसात फॉरेस्ट पार्कात जातात आणि ओंडक्यांखाली हात घालून चाचपडतात. कशासाठी? शिक्क्यासाठी! ज्या रबरी शिक्क्यापायी आपल्या दोन पिढ्यांनी कचेऱ्यांत चपला झिजवल्या, 'साहेब जेवायला गेलेत' हे निमूट ऐकून घेतलं, तो शिक्का ही मंडळी चिखल तुडवत हौसेनं शोधतात. आणि स्वतःच्या हातानं मारून घेतात! ना अर्ज, ना चहापाणी. याला काय म्हणावं?

याला लेटरबॉक्सिंग म्हणतात म्हणे. एकानं घट्ट झाकणाच्या डब्यात शिक्का नि वही घालून तो रानात लपवायचा. दुसऱ्यानं कोडं सोडवत तिथवर यायचं, डब्यातला शिक्का आपल्या वहीत मारायचा, आपला डब्यातल्या वहीत. मग डबा होता तिथे सारून साळसूदपणे चालू पडायचं. बक्षीस? शून्य. डब्यात ना पैसा ना पेढा.

खूळ मूळचं विलायतेतलं. डार्टमूरच्या दलदलीत, क्रॅनमिअर पूलपाशी, जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं 1854 साली एक बाटली ठेवली. इथवर आलात तर आपलं कार्ड टाकून जा. ते त्यांना लखलाभ! पण 1998 साली 'स्मिथसोनियन' मासिकानं त्यावर लेख छापला आणि अमेरिकेला लागण झाली.

त्यात हे पार्क! शहराच्या हद्दीत 5,000 एकरांवर जंगल. एकटी वाइल्डवूड ट्रेलच 30 मैल. आणि कोडी तरी कशी? 'चेटकिणीच्या किल्ल्याकडे पाठ करा, तिसऱ्या नेच्यापासून चाळीस पावलं.' अहो, जिथे पाय टाकाल तिथे नेचा, त्यातला तिसरा कुठला? पावलं कोणाची, सहाफुटी गोऱ्याची की आपल्या काकूंची? आणि तो किल्ला म्हणजे 1930च्या दशकात बांधलेलं सार्वजनिक शौचालय! 1962च्या वादळात मोडलं, शेवाळ चढलं, झाला किल्ला. त्याच्यासमोर होकायंत्र धरून गंभीर चेहऱ्यानं उभी असलेली माणसं पाहिली की हसावं की रडावं?

हसलो असतो हो, पण आपली माणसं बाटली ना! बीव्हर्टनच्या एक वहिनी, ज्यांना मुलाच्या प्रोजेक्टसाठी कधी कात्री सापडली नाही, त्यांनी तीन रात्री जागून खोडरबरावर 'मोरया' लिहिलेला मोदक कोरला. कळ्या अकरा, मोजून! पहिल्यांदा उलटा कोरायचं विसरल्या, कागदावर 'मोरया' आरशातल्यासारखं उमटलं. रबर फेकून दुसरं घेतलं. सहा महिन्यांसाठी आलेल्या एका आजींचे गुडघे देवळाच्या चार पायऱ्यांना कुरकुरतात, पण काठीनं पालापाचोळा उचकताना त्यांना कोणी आवरून दाखवावं. वर दटावतात, ''कुत्रा घेऊन कोणी येतंय, बुटाची नाडी बांधल्यासारखं कर!'' एका डब्यात तर आणखी एक पिटुकला डबा निघाला, विनातिकीट प्रवासी. ज्याला सापडेल त्यानं तो पुढच्या डब्यात नेऊन सोडायचा. सासऱ्यांना विमानतळावरून आणायला ज्यांना वेळ नव्हता, ते हा पाहुणा मैलभर पोचवून आले.

यापेक्षा यंत्राच्या मदतीनं डबे शोधायचं ते जिओकॅशिंग बरं नाही का? ते तर 2000 साली पोर्टलंडच्याच शेजारी जन्मलं. पण त्यात जागा यंत्रच सांगतं, मग डोकं काय कामाचं? आपल्यात तसं नसतं.

आपल्यात? जीभ घसरली. मला काय करायचंय? डिकीतलं शाईचं पॅड मुलाच्या शाळेचं आहे, आणि गमबूट तिथे गेल्या हिवाळ्यापासून पडलेत. एवढंच विचारायचं होतं, दमट कागदावर न पसरणारी जांभळी शाई कुठे मिळेल? वहिनींना हवी होती.