सहाव्या नंबरचा माणूस

नायमेखन या डच शहरातल्या खोफर्ट स्टेशनवर सकाळी उतरणाऱ्या मराठी मंडळींत एक जण असा असतोच, की ज्याच्या गळ्यात थंडीचं निमित्त सांगून थेट मे महिन्यापर्यंत लाल-हिरवा-काळा मफलर असतो. नोकरी जवळच्याच एनएक्सपीत. १९५३ साली फिलिप्सनं इथं सेमीकंडक्टरचा कारखाना काढला, त्याची ही वारसदार. दिवसभर हा मनुष्य चिपांच्या सूक्ष्मातिसूक्ष्म रेषांमधल्या चुका शोधतो. संध्याकाळी मात्र ‘आपला डावा बचावपटू बरा आहे’ असल्या गोष्टींवर कसलाही पुरावा न मागता विश्वास ठेवतो.

पुण्यात होता तेव्हा तो बार्सिलोनाचा होता. म्हणजे रात्री दीड वाजता टीव्हीसमोर बसणारा, मेस्सीला अरेतुरे करणारा. नायमेखनला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातल्या एका डच सहकाऱ्याकडे जास्तीचं तिकीट निघालं. फुकटचं म्हणून हा गेला, आणि कायमचा गेला. आता सीझन कार्ड त्याच्या पाकिटात आधार कार्डाच्या वर असतं.

घरच्यांना हे समजावणं सोपं नाही. ‘मी एनईसीचा सपोर्टर आहे,’ असं फॅमिली ग्रुपवर टाकल्यावर काकांनी विचारलं, ‘ती जपानी कंपनी ना? त्यांचे प्रोजेक्टर चांगले असायचे.’ तर हा फुटबॉल क्लब आहे आणि १९०० सालचा आहे, हे तो सांगायला बसला. त्यात संघाचा स्ट्रायकर कोकी ओगावा निघाला, ऑगस्ट २०२३ मध्ये कोदाई सानोही आला. काका म्हणाले, ‘बघ, म्हटलं नव्हतं जपानी म्हणून?’

क्लबचा इतिहास मात्र त्याला आपल्या गोत्र-प्रवरापेक्षा पक्का पाठ आहे. खोफर्ट स्टेडियम १९३९ चं. बेकारांच्या हाताला काम म्हणून सरकारनं फावडी-घमेली देऊन इथली जमीन खणून घेतली. म्हणून जुने लोक त्या मैदानाला अजूनही ‘रक्ताचा खड्डा’ म्हणतात. जेमतेम साडेबारा हजार माणसांची सोय. एवढ्या वर्षांत मोठा चषक एकही नाही. हे शेवटचं वाक्य तो ज्या ऐटीत सांगतो, त्या ऐटीत इतर क्लबांचे लोक चषकांची यादी वाचतात.

खरी गंमत अशी, की या माणसाला हरायची सवय आहे. हरण्याचं त्याचं शास्त्र तयार आहे. शिट्टी वाजली की रेफरीला एक शिवी (मराठीत, म्हणजे कुणाला कळत नाही), कागदी द्रोणातल्या तळलेल्या बटाट्यांवर जास्तीचं मेयोनेझ (शाकाहारी असल्यामुळे फ्रिकांडेल बाद), आणि शेजारच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्याला ‘पुढच्या वर्षी!’ म्हणून सायकलला टांग. तासाभरात तो घरी वरणभात खात असतो. अडचण होते ती संघ जिंकायला लागला की.

२०२३-२४ च्या हंगामात नेमकं तेच झालं. रोखीर मायर या प्रशिक्षकाच्या हाताखालचा हा संघ एकामागून एक सामने खिशात घालायला लागला आणि आमच्या गृहस्थाची झोप उडाली. गुणतक्ता तो रोज उघडायचा, पण ‘युरोप’ हा शब्द घरात उच्चारायला बंदी. कुणी म्हणालंच, ‘या वेळी युरोपात खेळणार बहुतेक,’ तर हा लाकूड शोधायला लागायचा. डच लोक दृष्ट लागू नये म्हणून न रंगवलेल्या लाकडावर टकटक करतात, ते त्यानं तत्परतेनं उचललं होतं. शिवाय बाहेरगावच्या सामन्याच्या दिवशी दाराला लिंबू-मिरची होतीच. दोन्हीकडचा विमा.

अशाच एका बाहेरगावच्या सामन्यात कुकरची तिसरी शिट्टी आणि गोल एकाच क्षणी झाले. तेव्हापासून सामना सुरू झाला की कुकर चढलाच पाहिजे. बायको म्हणाली, ‘अरे, दुपारी तर जेवलोय आपण.’ हा म्हणाला, ‘बटाटे लाव. भाजी नंतर ठरवू.’ त्या वसंतात त्या घरात उकडलेल्या बटाट्यांचे जेवढे प्रकार झाले, तेवढे रुचिराच्या दोन्ही भागांत मिळून नसतील.

मार्चच्या अखेरीस पीएसव्ही आलं. आइंडहोव्हनचा हा संघ तोवर लीगमध्ये एकही सामना हरलेला नव्हता. खोफर्टवर तो ३-१ असा हरला. त्या हंगामात पीएसव्ही लीग जिंकलं, आणि अख्ख्या लीगमध्ये त्यांचा पराभव एवढा एकच. तिसऱ्या गोलला सगळं स्टेडियम एकमेकांच्या गळ्यात पडलं होतं, प्लास्टिकच्या ग्लासांतली बिअर हवेत उडत होती आणि आमचा गृहस्थ शेजारच्या म्हाताऱ्याला विचारत होता, ‘अजून किती मिनिटं राहिली?’ म्हाताऱ्याचाही चेहरा तसाच. दोघांनाही बरोबरी होण्याचे सात मार्ग दिसत होते.

या भीतीला इतिहासाचा आधार आहे, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. १९८३ साली एनईसी पहिल्या श्रेणीत तळाला जाऊन खाली ढकललं गेलं. त्याच वर्षी चषकाच्या अंतिम फेरीत ते आयाक्सकडून हरले. पण आयाक्स लीगचंही विजेतं, म्हणून हरलेल्या एनईसीला युरोपच्या कप विनर्स कपचं तिकीट. म्हणजे दुसऱ्या श्रेणीतला संघ आणि समोर बार्सिलोना! खोफर्टवर एनईसी २-० नं पुढे होतं. हरले ३-२. माराडोना त्या सामन्यात नव्हता, कारण महिनाभरापूर्वी बिलबाओच्या गोयकोएचेआनं त्याचा घोटा मोडला होता. पण खोफर्टवरचे म्हातारे, माराडोना आपल्याला घाबरून आला नाही, असं शपथेवर सांगतात. आणि आपला माणूस, एकेकाळचा बार्सिलोनाभक्त, मान डोलावतो.

२०२३-२४ च्या त्या हंगामात थट्टा थांबली ती एकदाच. ऑक्टोबर २०२३ मध्ये अल्कमारला एझेडविरुद्धच्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत एनईसीचा बास डोस्ट मैदानावर कोसळला. हृदयाच्या स्नायूला सूज होती. सामना तिथेच थांबवला. डोस्ट वाचला, पण त्या हंगामात पुन्हा उतरला नाही. त्या रात्री कुकर लागलेला होता, जेवलं मात्र कुणी नाही.

मग एप्रिल. चषकाचा अंतिम सामना, रॉटरडॅमला, फेयेनोर्डविरुद्ध. मैदान फेयेनोर्डचंच, कारण चषकाची अंतिम फेरी तिथेच व्हायची रीत आहे. यजमानाच्या घरी जाऊन यजमानाचंच ताट मागायचं, असा तो प्रकार. २१ एप्रिल २०२४, फेयेनोर्डच्या पाइशाओचा एक गोल, ०-१. याआधी १९७३, १९८३, १९९४ आणि २०००. अंतिम फेरीत हरण्याची ही पाचवी वेळ. परतीच्या प्रवासात सगळे गप्प असताना हा एकटा हळूहळू खुलत गेला. ओळखीचा प्रदेश लागला होता ना! लीगमध्ये संघ सहावा आला. युरोपच्या उरल्यासुरल्या जागेसाठीच्या प्ले-ऑफमध्ये गो अहेड ईगल्सनं बाहेर काढलं, तेव्हा तर त्याच्या चेहऱ्यावर परीक्षा संपलेल्या मुलाची कळा होती. काकांना मेसेज गेला, ‘सहावा नंबर!’ काकांनी अंगठा पाठवला आणि विचारलं, ‘कितीमध्ये?’ अठरा संघांत सहावा म्हणजे काय, हे कळायला अठरावं येऊन पाहावं लागतं, असं त्यानं लिहिलं. मग खोडलं.

एक गोष्ट मात्र त्याला अजून पचलेली नाही. अंतिम सामन्याच्या दोनच दिवस आधी शेजारच्या आर्नहेमच्या व्हिटेसचे, म्हणजे जन्माच्या वैऱ्याचे, पैशांच्या भानगडीपायी अठरा गुण कापले गेले आणि ते दुसऱ्या श्रेणीत गेले. खरं तर पेढे वाटायचा प्रसंग. यांच्याशी हिशेब जुना. १७ ऑक्टोबर २०२१ ला व्हिटेस खोफर्टवर १-० जिंकलं आणि त्यांचे पाठीराखे आनंदानं असे नाचले, की खालचा काँक्रीटचा सज्जाच वाकून खाली आला. खाली कंटेनर होता म्हणून निभावलं, कुणाला लागलं नाही. पराभव आणि बांधकामाचं नुकसान, दोन्ही एकाच दुपारी. हा किस्सा सांगताना त्याच्या आवाजात अजून धार येते.

पण वैरी खाली गेल्यावर डर्बी कुणाशी खेळायची? नव्यानं आलेल्या मराठी पोरांना तो पूर्वी मफलर घेऊन द्यायचा तेव्हा आर्नहेमची कुचाळकी आपोआप व्हायची. आता आधी समजावून सांगावं लागतं, की असं एक गाव आहे, आणि त्याचा राग करायचा असतो. दुसऱ्या श्रेणीचे सामने बहुतेक शुक्रवारी रात्री असतात. जेवणानंतर तो मोबाइल घेऊन गॅलरीत जातो, कचरा टाकायच्या निमित्तानं. बायकोला वाटतं, ऑफिसचं काही असेल. तो व्हिटेसचा स्कोअर बघत असतो. ते हरले की शीळ घालत आत येतो. ओळीनं तीनदा हरले, तर मात्र चौथ्या शुक्रवारी म्हणतो, ‘जरा कुकर लावतेस का?’