लसिका, जाळी आणि उसाची मोळी

बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशच्या बसस्टँडवरच्या गप्पा इतकी वर्षं शुगर आणि बीपीच्या पुढे सरकल्या नव्हत्या. यंदा तिथे लसिका, म्हणजे लिम्फ, अवतरली. पुण्याहून सुट्टीला आलेल्या एका चिरंजीवांनी अंगणात स्प्रिंगांची गोल जाळी मांडली. नाव रिबाउंडर, घेतली हप्त्यावर. "काका, रक्ताला हृदय आहे, लसिकेला कोण आहे?" असं विचारून ते लसिका हलवायला जाळीवर चढतात. लसिकेचं हे पोरकेपण ऐकून कट्ट्यावरची म्हातारी मंडळी गलबलून गेली.

खरं तर लसिका अगदीच निराधार नाही. तिच्या नळ्या स्वतः आकुंचन पावतात, झडपा तिला मागे फिरू देत नाहीत, पोटरीचे स्नायू आणि श्वास तिला वर ढकलतात. दिवसाकाठी दोन-तीन लिटर पाणी असं निमूट रक्तात परत जातं. भालचंद्राच्या देवळापर्यंत पायी गेलात तरी या कामाला जोर येतो. पण चालण्यावर हप्ता पडत नाही, म्हणून त्याला कुणी थेरपी म्हणत नाही.

चिरंजीवांचा हुकमी एक्का म्हणजे नासा. १९८० साली नासाच्या शास्त्रज्ञांसह झालेल्या एका अभ्यासात आठ तरुणांना जाळीवर उडवलं, ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळवलं आणि घोटा, पाठ, कपाळ इथले धक्के मोजले. पळताना घोट्याचा धक्का पाठ-कपाळाच्या दुपटीहून जास्त निघाला. जाळीवर तो अंगभर बराचसा सारखा वाटला गेला. म्हणजे सांध्यांना जाळी सोसवते, हे कबूल. लसिका मात्र त्यात कुणी मोजलीच नव्हती. ती जाहिरातवाल्यांनी नंतर मोजली, बहुधा चमच्याने.

कट्ट्यावर विरोधी पक्षही आहे. त्याचं म्हणणं, धक्का जेवढा दणदणीत, तेवढी लसिका वेगात. हे खरं मानलं तर लसिकेची जागतिक राजधानी बीड जिल्हाच. दिवाळीच्या आगेमागे इथले ऊसतोडीचे कोयते, म्हणजे तोडणी करणाऱ्या जोड्या, साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. दिवसभर फडात वाकून तोडणी, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, मोळी टाकायची, उतरायचं, पुन्हा चढायचं. पावलागणिक फळी लवते. स्प्रिंगच म्हणा ना. गाडी रात्री दोनला आली तर व्यायाम रात्री दोनला. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की मंडळी गावी परततात तेव्हा लसिका झुळझुळ वाहत असणार. मान, कंबर आणि गुडघे तेवढे कुरकुरतात. पण त्यांचा अभ्यास करायला अजून नासा आलेली नाही.

परवा ऊसतोडीचा एक मुकादम अंगणात आला. त्याने जाळी हाताने दाबून पाहिली आणि चिरंजीवांना विचारलं,

"एखाद्या दिवशी उड्या नाही मारल्या, तर खाड्याचे किती कापतात?"

"काहीच नाही. कोण कापणार?"

"मग हे टिकत नसतंय," मुकादम म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला.