श्रुतिभूषण

वाद्यांवरचे परिसंवाद बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये भरतात. अनुदान 31 मार्चच्या आत संपवायचं असतं. प्राध्यापक प्रमाणपत्रासाठी येतात, विद्यार्थ्यांना हजेरीसाठी बसवलेलं असतं. श्रुतिभूषणांना कुणी बोलावलेलं नसतं. ते कापडी पिशवी आणि बिल्ला घेऊन, सरस्वतीला हार घालायच्या आधीच, पहिल्या रांगेत कडेला बसलेले असतात. कडेला अशासाठी, की फिरता माईक तिथूनच जातो.

गृहस्थ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. यात हसण्यासारखं काही नाही. 22 श्रुतींचा हिशेब मांडणारे सांगलीचे देवल निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते आणि त्यांचे साथीदार क्लेमेंट्स न्यायाधीश. सरकारी नोकरी आणि श्रुती यांचं मेतकूट जुनंच आहे.

विषय कोणताही असो, श्रुतिभूषण भरतमुनींपासून निघतात. तत, सुषिर, अवनद्ध, घन हे चार वर्ग सांगून ते तडक ब्रुसेल्सला पोचतात. 1876 साली शौरींद्रमोहन टागोरांनी तिकडे आपली वाद्यं पाठवली, तिथल्या माहियोंनी हीच चौकडी उचलली आणि पुढे 1914 मध्ये हॉर्नबोस्टेल आणि साक्स यांनी तिच्यावर आपलं वर्गीकरण उभं केलं. हे सगळं खरं आहे. पण श्रुतिभूषण ते घरफोडीची फिर्याद द्यावी तशा आवाजात सांगतात. मग सी. व्ही. रामन येतात. रामन यांनी तंबोऱ्याच्या जवारीचा आणि तबल्याच्या नादाचा अभ्यास केला, हेही खरं. नोबेल मात्र 1930 मध्ये प्रकाशासाठी मिळालं. श्रुतिभूषण ते अशा बेतानं सांगतात की मागच्या रांगेला वाटावं, तंबोऱ्यासाठीच मिळालं.

त्यांचा खरा जीव 1916 च्या बडोदा परिषदेत अडकलाय. देवल-क्लेमेंट्स यांची श्रुतिपेटी तिथे गायकांच्या गळ्यापुढे टिकली नाही. त्या दिवशी आपण मांडवात असतो तर निकाल वेगळा लागला असता, असं त्यांना मनापासून वाटतं. साध्या पेटीवर तर त्यांचा दातच आहे. आकाशवाणीनं 1940 मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती तीसेक वर्षांनी सैल केली. त्यावर ते अजून निषेध नोंदवतात. परवा एका विद्यार्थिनीनं विचारलं, ‘‘सर, तुमची पट्टी कुठली?’’

‘‘काळी एक,’’ श्रुतिभूषण अभिमानानं म्हणाले. सभागृहात खसखस पिकली. काळी म्हणजे पेटीचीच, हे त्यांच्या कानावरून गेलं.

असल्या परिसंवादात वाद्य वाजू नये, अशी एक अलिखित शिस्त असते. टेबलावर तंबोरा गवसणीसकट आडवा ठेवतात. परवा मात्र मिरजेच्या कारागिरांनी शाल-श्रीफळ घेतल्यावर, कुणी न सांगता, गवसणी काढली. तार छेडली, तर आवाज ठक्क. त्यांनी घोडीवर तारेखालचा दोरा नखानं रेसभर सरकवला, पुन्हा छेडली, पुन्हा किंचित मागे घेतला. तिसऱ्यांदा जवारी अशी खुलली की भ्रमणध्वनीत डोकं घातलेली पोरंसुद्धा वर बघू लागली. श्रुतिभूषण अस्वस्थ झाले. वाद्य वाजलं की मुद्दा राहतो बाजूला.

जेवणाच्या रांगेत त्यांनी कारागिरांना गाठलंच. एका हातात मसालेभाताचं ताट, दुसऱ्या हातानं हवेत सप्तक आखत त्यांनी विचारलं, ‘‘एका सप्तकात 22 च्या 22 श्रुती अचूक दाखवील अशी सतार तुमच्याकडून होईल का?’’

कारागीर घाईत नव्हते. त्यांनी आधी मठ्ठा घेतला.

‘‘22 काय साहेब, 40 देतो की. फक्त निम्मे पैसे आगाऊ पाठवा.’’

पैशाचं श्रुतिभूषणांना ऐकूच आलं नाही. ताट खुर्चीवर ठेवून त्यांनी डायरी काढली. पुढच्या मार्चसाठी त्यांचा शोधनिबंध तयार आहे म्हणे : ‘मिरज परंपरेतील 40 श्रुती : एक उपेक्षित मौखिक पुरावा’.