वस्तुनिष्ठ

परीक्षेत जसे वस्तुनिष्ठ प्रश्न असतात, तसे वर्गात वस्तुनिष्ठ विद्यार्थीही असतात. यांची निष्ठा गणितावर नसते, गणितातल्या वस्तूवर असते. नळ आणि हौदाच्या गणितात ‘पण खालचा नळ उघडा टाकला कुणी?’ असं पाचवीत विचारतो तो हाच. दहावीपर्यंत त्याचं कसंबसं निभावतं. मग बारावी सायन्सला डेरिव्हेटिव्हच्या उपयोगांचा धडा येतो आणि त्यात शिडी, फुगा, दिव्याचा खांब, शंकूसारखी टाकी अशा ओळखीच्या वस्तू एकामागून एक यायला लागतात. तिथून पुढे सरांचं काही खरं नसतं.

आमच्या सांगलीच्या वर्गातला वस्तुनिष्ठ रंगकाम कंत्राटदाराचा मुलगा होता. नखांच्या कडेला डिस्टेंपर, दप्तराच्या बंदावर ऑइलपेंटचा ठिपका. बोर्डाच्या पुस्तकात या गणितांना ‘रेट मेजर’ म्हणतात, पण आमचे सर परदेशी पुस्तकं चाळलेले. ते ‘रिलेटेड रेट्स’ म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर काटकोन काढला.

“पाच मीटरची शिडी भिंतीला टेकवली आहे. तिचा पाय सेकंदाला 2 सेंटिमीटर वेगाने भिंतीपासून लांब ओढला जातोय...”

“कोण ओढतंय, सर?”

“कुणीही ओढू दे.”

“वर माणूस आहे?”

“नाही.”

“मग लिहितो.”

दोन ओळी लिहून त्याने पुन्हा मान वर केली. पाय भिंतीपासून 4 मीटरवर असताना वरचं टोक किती वेगाने खाली येतंय, असा प्रश्न होता. “सर, पाच मीटरच्या शिडीचा पाय सव्वा मीटरवर ठेवतात. चारवर गेला म्हणजे माणूस दवाखान्यात.”

सरांनी पायथागोरस मांडला, दोन्ही बाजू टी-सापेक्ष डिफरन्शिएट केल्या, त्यानंतरच 4 आणि 3 घातले आणि उत्तर काढलं: वजा आठ छेद तीन सेंटिमीटर प्रति सेकंद. “वजा, कारण उंची कमी होतेय.”

“म्हणजे पडतेय. पडतेय म्हणा की सरळ.”

चाचणीत मात्र त्याने 4 आधीच घातला आणि मग डिफरन्शिएट केलं. आकड्याचं डेरिव्हेटिव्ह शून्य. त्यामुळे टोकाचा वेगही शून्य. ही चूक निम्म्या वर्गाने केली होती, मी धरून. सर कळवळून म्हणाले, “अरे, तुम्ही धावणाऱ्या माणसाचा फोटो काढलात आणि फोटोला वेग विचारताय! एक्स हलतोय तोवर त्याला एक्सच राहू द्या.” आम्ही माना खाली घातल्या. हा एकटा समाधानी होता. “थांबली ना शिडी? थांबायलाच पाहिजे.” चारपैकी एक मार्क पडला, तो आकृतीचा. आकृतीत शिडीला चौदा पायऱ्या होत्या आणि पायांना घसरू नये म्हणून गोणपाट बांधलेलं होतं.

बाकी गणितांत तो इतका रमला नाही. दोन मीटरचा माणूस सहा मीटरच्या दिव्यापासून ताशी 5 किलोमीटरने लांब चालला तर सावली ताशी अडीचने वाढते. यावर त्याचं म्हणणं एवढंच, की आमच्या गल्लीत दिवा असता तर पाहिलं असतं. फुगा मात्र त्याला पटला. हवा एकसारखी भरली तरी फुगा आधी भराभरा मोठा होतो, मग आळसावतो, हे त्याने धाकट्या बहिणीच्या वाढदिवसाला तोंडाने तपासलेलं होतं.

ही असली गणितं 1836 साली लंडनच्या विल्यम रिची नावाच्या प्राध्यापकाने आपल्या पुस्तकात घेतली, ती कॅल्क्युलस सामान्य विद्यार्थ्याला सोपं वाटावं म्हणून. त्यांच्या वर्गात रंगाऱ्याचा मुलगा नसावा.

एकदा मात्र त्याने सरांना घाम फोडला. शिडी त्याच्या डोक्यातून गेलीच नव्हती. तो वहीत ती तशीच खाली खाली आणत राहिला होता. “सर, पाय त्याच 2 सेंटिमीटरने जातोय. टोक जमिनीपासून एक मिलिमीटरवर आलं की त्याचा वेग ताशी 360 किलोमीटर येतो. अजून खाली आणलं तर त्याहून जास्त. कुठली शिडी आहे ही?”

सरांनी खडू खाली ठेवला. आकडेमोड तपासली. बरोबर होती. “खरी शिडी तोवर भिंतीला चिकटून राहत नाही,” ते म्हणाले, “टोक आधीच सुटतं.”

“मी पहिल्या दिवसापासून दुसरं काय सांगतोय?”

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीचं रंगकाम निघालं आणि कोटेशन घेऊन तोच आला. पोट सुटलेलं, खिशाला दोन पेनं. बाहेरच्या भिंतींचा रेट वेगळा, आतला वेगळा, परांचीचं भाडं निराळं. मी माझ्या फ्लॅटपुरतं काही कमी कर म्हणालो.

“सोसायटीला हा रेट,” कागद उलटून त्यावर आकडा लिहीत तो म्हणाला, “आणि तुला रिलेटेड रेट.”

आकडा काही फार कमी नव्हता. मी ते सांगणार, तेवढ्यात तो गॅलरीच्या कठड्यावरून वाकून खाली ओरडला, “ए, शिडीचा पाय सोडून कुठं चाललास रे?”