भिंतीवरचे भूसंपादन

बैठकीच्या खोलीत दारांच्या वरून काचेची फळी फिरवायची आणि तिच्यावरून खेळण्यातली आगगाडी सोडायची, हे खूळ मी कोथरूडहून आणलं. तिथे भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. पण पुणेकर गाडी टेबलावर चालवतात. बीडकराला ती वर बघायची सवय. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग नव्वदच्या दशकात मंजूर झाला. गाडी आष्टीला पोचली २३ सप्टेंबर २०२२ ला आणि बीडला १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी. तोवर आमची रेल्वे हवेतच होती. मी तिला नुसता काचेचा आधार देतोय.

काचच का? खालून गाडीचं पोट दिसतं, चाकं फिरताना दिसतात. लाकडी फळीवर चाललेली गाडी सोफ्यावरच्या माणसाला फक्त ऐकू येते.

गाडी एचओ मापाची, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची. रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. हा हिशोब परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांचा. आपल्या १६७६ च्या ब्रॉडगेजला १९ च्या वर लागले असते. म्हणजे डबे निळे, देशी, आणि रूळ पाहुण्यांचे. सोफ्यावरून कुणाला कळतंय!

काचवाल्याने मात्र घाम फोडला. "सर, टफन केल्यावर भोक पडत नसतंय. कापताबी येत नाही. काय ते आधीच सांगा." दहा मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला पंचवीस किलो भरते, फळी वीतभरापेक्षा अरुंद, म्हणून ब्रॅकेट पेलतील. खरं दुखणं कोपऱ्यांचं. गाडी काटकोनात वळत नाही, तिला निदान दीड फुटाची त्रिज्या लागते. त्यासाठी पुठ्ठ्याचा नमुना काढून प्रत्येक कोपऱ्याची काच वेगळी कापायची, आणि भाव त्याच काचेचा जास्त. शिवाय नुसत्या काचेवर चाकं खणखणतात. रुळाखाली कॉर्क घातला तर आवाज जातो, पण गाडीचं पोटही झाकलं जातं! इतका खर्च करून खालून कॉर्क बघायचा?

मग भूसंपादन. मार्गात सासऱ्यांचा हार घातलेला फोटो, घड्याळ आणि ट्यूबलाइट. घड्याळाचं पुनर्वसन झालं. फोटोबद्दल सौ.नी हरकत नोंदवली. "बाबांच्या डोक्यावरून गाडी जाणार नाही," एवढंच म्हणाल्या. मी बोगदा सुचवला. त्यावर सुनावणीच झाली नाही. आईला स्वयंपाकघराच्या दारावर थांबा हवाय. गाडीत चढणार कोण, हे मी विचारलं नाही. थांबा मागताना ते बघत नसतात. धूळ कोण पुसणार, हा प्रश्न तेवढा सगळ्यांनी एकमताने माझ्याकडे वर्ग केला. काच असल्यामुळे ती खालूनही दिसणार.

शेवटी तत्त्वतः मंजुरी मिळाली. पहिल्या टप्प्यात दारापासून खिडकीपर्यंत, सरळ भिंतीवर. गाडी जाईल आणि तशीच उलटी परत येईल. कोपरे पुढच्या दिवाळीच्या तरतुदीत. सासऱ्यांची बाजू अजून सर्वेक्षणात आहे.